थांब्यावरची चाकोरी

हडपसरच्या बाजूला आमच्या घराजवळ एक बसथांबा आहे. त्याच्यासमोर डांबरी रस्त्याला दोन लांबट चर पडले होते. खड्डे नव्हेत. खडी उखडली नव्हती, पृष्ठभाग काळाभोर आणि अखंड होता. बसची चाकं जिथे टेकतात तिथे रस्ता दबला होता आणि दोन्ही कडांना फुगून वर आला होता, मऊ कणकेवरून अंगठा ओढावा तसा. मातीच्या रस्त्यावर बैलगाडीच्या चाकांनी पडणाऱ्या अशाच खुणेला आपण चाकोरी म्हणतो. आमच्या क्षेत्रात सगळे ‘रटिंग’ म्हणतात. मला चाकोरी हाच शब्द नेमका वाटतो, कारण चाकांनी पुन्हापुन्हा तीच वाट धरणं त्यात आलं.

आदल्या पावसाळ्यात त्या चरांत पाणी साचलं होतं. वरून ते ओल्या रस्त्यासारखंच दिसायचं. माझ्या धाकट्या भावाने बसच्या मागून गाडी बाहेर काढली, पुढचं चाक फुगवट्याच्या कडेला घासलं आणि तो आडवा झाला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मी तेव्हा एम.टेक.च्या पहिल्या वर्षाला होते, वाहतूक अभियांत्रिकीला. प्रबंधाचा विषय ठरवायचा होता आणि मी दुसऱ्याच कुठल्यातरी विषयावर वाचत होते. ते वाचन तिथेच थांबलं.

मार्चमधल्या एका रविवारी पहाटे, पहिली बस यायच्या आत, भावाला सोबत घेऊन मी ती चाकोरी मोजली. तीन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची सरळपट्टी रस्त्यावर आडवी ठेवली आणि तिच्याखाली स्टीलची मोजपट्टी उभी धरली. सर्वांत खोल जागी २६ मिलिमीटर. आयआरसी:३७ या आपल्या रस्तारचनेच्या मार्गदर्शिकेत २० मिलिमीटरची चाकोरी म्हणजे रस्ता निकामी झाला असं धरतात. मग आम्ही थांब्यापासून शंभर पावलं पुढे गेलो, जिथे त्याच बस वेगाने जातात. तिथे ५ मिलिमीटर भरली. रस्ता एकच, थर एकाच दिवशी टाकलेला, त्याच बस, तेच ऊन. फरक इतकाच की इथे बस उभी राहते आणि तिथे निघून जाते.

पुढचं वर्षभर मी प्रयोगशाळेत जे काही केलं ते या २६ आणि ५ मधला फरक समजून घेण्यासाठी.

मार्गदर्शक सरांनी तीन बंधक, म्हणजे खडीला धरून ठेवणारे काळे चिकट पदार्थ, घ्यायला सांगितले: व्हीजी-३० आणि व्हीजी-४० हे साध्या बिटुमेनचे दोन ग्रेड, आणि पॉलिमर मिसळलेलं बिटुमेन, म्हणजे पीएमबी. (आपण बोलताना डांबर म्हणतो, मीही म्हणते. खरं डांबर दगडी कोळशापासून निघतं. रस्त्यावर आज जे पडतं ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणात खाली उरलेलं बिटुमेन.) सुरुवातीच्या चाचण्या आठवड्याभरात झाल्या. २५ अंशांना १०० ग्रॅम वजनाची सुई पाच सेकंदांत किती शिरते, पितळी कडीतल्या बिटुमेनवर ठेवलेली पोलादी गोळी पाणी किती तापल्यावर खाली येते, ६० अंशांना विष्यंदिता किती, म्हणजे ते वाहायला किती विरोध करतं. तिन्ही नमुने आपापल्या ग्रेडमध्ये बसले. पूर्वी आपल्याकडे ८०/१००, ६०/७० अशी नावं होती, ती त्या सुईच्या वाचनावरून. २००६ मध्ये आयएस ७३ हे बिटुमेनचं भारतीय मानक बदललं आणि ६० अंशांच्या विष्यंदितेवरून व्हीजी ग्रेड आले. हा बदल फार मोलाचा होता. २५ अंशांना सुई किती शिरली यावरून एप्रिलच्या दुपारी तापलेल्या रस्त्याचं काय कळणार? हवा ३९–४० वर असते तेव्हा काळ्या रस्त्याचं अंग साठीच्या पुढे गेलेलं असतं.

आयएस ७३ च्या २०१३ च्या आवृत्तीत हवेच्या तापमानावरून ग्रेड निवडायचा तक्ता आहे. सलग सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३८ ते ४५ असेल तर व्हीजी-३०. म्हणजे पुण्याला व्हीजी-३० हे पुस्तकाप्रमाणे बरोबर. त्या तक्त्यात तापमान आहे, वेग नाही. हे मला तेव्हा खटकलं नव्हतं.

खरी परीक्षा सुरू झाली डीएसआरवर. डायनॅमिक शिअर रिऑमीटर. बाकी प्रयोगशाळेत धूर, काजळी आणि केरोसीनचा वास. हे यंत्र मात्र एका कोपऱ्यात, काचेच्या दाराआड, वातानुकूलित खोलीत. नाण्याएवढ्या दोन चकत्या, व्यास २५ मिलिमीटर, आणि त्यांच्यामध्ये बिटुमेनचा बरोबर १ मिलिमीटर जाडीचा थर. खालची चकती स्थिर. वरची किंचित उजवीकडे, किंचित डावीकडे डोलते, सेकंदाला १० रेडियन या गतीने. यंत्र दोन गोष्टी मोजतं. एक, बिटुमेन किती विरोध करतं; त्याला जी-स्टार म्हणतात. दुसरी, बळ दिल्यावर ते किती उशिराने हलतं. तो कोन डेल्टा. रबराला ओढलं तर ते त्याच क्षणी ताणतं, त्याचा डेल्टा शून्याजवळ. काकवीचा नव्वदाजवळ. बिटुमेन या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं, आणि तापत गेलं की काकवीकडे सरकतं.

वाचायला हे सोपं आहे. माझी पहिली तीन आठवड्यांची वाचनं मात्र एकमेकांशी जुळत नव्हती. एकाच डब्यातला, एकाच तापमानाला तपासलेला व्हीजी-३०, आणि आज एक आकडा, उद्या दुसरा.

प्रयोगशाळेत आमचे मदतनीस मामा होते, वीस वर्षांहून जुने. त्यांनी दोन दिवस माझं काम नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मॅडम, तुम्ही कड कापताना चाकू आत ओढताय. डांबर चकतीच्या आत शिरतंय.”

नमुना चकत्यांमध्ये दाबला की जादा बिटुमेन चारी बाजूंनी बाहेर येतं. अंतर १.०५ मिलिमीटरवर असताना तापवलेल्या सुरीने ते चकतीच्या कडेलगत कापायचं आणि मग अंतर १.०० वर आणायचं, म्हणजे कडेला अगदी हलका फुगवटा राहतो. मी कापताना थोडं आतलंही खरवडत होते. डोळ्यांना ते जेमतेम दिसायचं. पण या मापनात त्रिज्येचा चौथा घात असतो. १२.५ मिलिमीटरच्या त्रिज्येऐवजी बिटुमेन १२ मिलिमीटरपर्यंतच पोचलं, तर अर्ध्या मिलिमीटरच्या त्या चुकीने वाचन सुमारे १५ टक्क्यांनी खाली येतं. चांगला बंधक नापास होऊ शकतो तो असा.

मामांनी सुरी हातात घेऊन दाखवलं. “गरम पाहिजे, पण धूर नको. पातं चकतीच्या धातूला टेकवा आणि हात तसाच ठेवून तिच्याभोवती फिरा. कापू नका, पुसून काढा.” त्यांच्याकडे पदवी नव्हती. आजही माझ्या हाताला जी सवय आहे ती त्यांची आहे.

दुसरी चूक सरांनी पकडली. वहीतली वाचनं तारखेप्रमाणे लावून त्यांनी विचारलं, “हा डबा तू किती वेळा तापवलास?” मी मोजून सांगितलं, सात वेळा. त्यांनी काही न बोलता पेन्सिलीने एक रेघ ओढली. वाचनं हळूहळू चढत गेली होती. दरवेळी नमुना घ्यायला मी अख्खा डबा ओव्हनमध्ये ठेवत होते, आणि तापवलं की बिटुमेनचं ऑक्सिडीकरण होतं, ते कडक होतं. मी ज्याला एक नमुना समजत होते ते सात वेगवेगळ्या वयांचे नमुने होते. तीन आठवड्यांचं काम बाद. घरी जाताना मी रडले.

दुसऱ्या दिवशी नवीन डबा आणला. एकदाच तापवला, सावकाश, लाकडी दांड्याने ढवळत, आणि सगळं बिटुमेन पन्नास-पन्नास ग्रॅमच्या छोट्या डब्यांत ओतून टाकलं. प्रत्येक छोटा डबा एकदाच तापणार, उरलं तर फेकून द्यायचं. पीएमबीचं ढवळणं तर आणखी जपून, कारण त्यातलं पॉलिमर तापलेल्या अवस्थेत निवांत राहिलं तर वर येऊन वेगळं होऊ पाहतं. वरचा चमचा आणि खालचा चमचा दोन वेगळे बंधक ठरतात.

तापमानाची गोष्टही तशीच. ज्या पट्ट्यात चाकोरी पडते तिथे दर ६ अंशांना साध्या बिटुमेनचा ताठपणा जवळपास निम्मा होतो. म्हणजे एका अंशाची चूक सुमारे १२ टक्क्यांना पडते. म्हणून यंत्राने तापमान ०.१ अंशाच्या आत धरावं लागतं, आणि पडद्यावर ६४ दिसलं म्हणून लगेच चाचणी सुरू करायची नाही. बिटुमेनच्या पोटापर्यंत ते तापमान पोचायला दहा मिनिटं द्यायची. मी घड्याळ लावून बसायचे. त्या दहा मिनिटांत मोह फार होतो.

जून-जुलैपर्यंत माझी वाचनं जुळायला लागली. व्हीजी-३० ला ६४ अंशांना जी-स्टार भागिले साइन डेल्टा १.८ किलोपास्कल आलं, ७० अंशांना ०.८६. ताज्या बंधकासाठी अट आहे किमान १.०. म्हणजे ६४ ला पास, ७० ला नापास. व्हीजी-४० ७० ला जेमतेम पास. पीएमबी ७६ पर्यंत गेलं.

या अटीमागचं कारण मला आवडतं, म्हणून सांगते. चाक गेलं की बिटुमेनमध्ये थोडी ऊर्जा कायमची खर्च होते आणि तेवढी विकृती मागे राहते. ही हरवलेली ऊर्जा जी-स्टार भागिले साइन डेल्टा या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. संख्या मोठी, तर चाकोरी कमी. अमेरिकेत १९८७ ते १९९३ या काळात रस्ते संशोधनाचा एक मोठा कार्यक्रम झाला, त्यातून सुपरपेव्ह ही पद्धत आली, आणि ही अट तिथली. ताज्या बंधकाला १.०, आणि हॉट मिक्स प्लांटमध्ये खडीबरोबर घोळताना जे म्हातारपण येतं ते आलेल्या बंधकाला २.२.

ते म्हातारपण प्रयोगशाळेत आणायला आरटीएफओ नावाचा ओव्हन असतो. आठ काचेच्या बाटल्या, प्रत्येकीत ३५ ग्रॅम, १६३ अंश, ८५ मिनिटं. बाटल्या फिरत राहतात आणि आत हवेचा झोत. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे मला माहीत असूनही एका गुरुवारी मी आठही बाटल्या चढवल्या. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला वीज गेली. अर्धवट म्हातारा झालेला नमुना कशालाच उपयोगी नसतो. मामा आणि मी त्या बाटल्या संध्याकाळपर्यंत घासत होतो.

तर सगळ्या अटी लावून झाल्यावर चित्र असं होतं: व्हीजी-३० ६४ ला उत्तीर्ण. म्हणजे थांब्यासमोर चाकोरी पडायला नको होती. पण मी ती पट्टी लावून मोजली होती.

सरांनी मला दोन प्रश्न दिले आणि दिवाळीनंतर उत्तर घेऊन यायला सांगितलं. पहिला: १० रेडियन म्हणजे गाडीचा किती वेग? दुसरा: ६५ अंशांच्या कोनाचा साइन किती?

पहिल्याचं उत्तर पुस्तकात मिळालं. सेकंदाला १० रेडियन म्हणजे ताशी ८०–९० किलोमीटरने जाणारी गाडी. मग मी वहीत हिशेब मांडला. बसच्या चाकाचा रस्त्यावरचा ठसा २५ सेंटिमीटर लांब धरला. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे रस्त्याच्या एका बिंदूवर ते चाक एका सेकंदाचा शंभरावा भाग असतं. आमच्या थांब्यावर बस वीस सेकंद तरी उभी राहते. वीस सेकंद म्हणजे ०.०१ सेकंदाच्या दोन हजार पट. बिटुमेन काकवीसारखं वागत असेल तर भार जितका वेळ टिकतो तितकं ते वाहत राहतं. नुसत्या वेळेच्या हिशेबात, थांब्यावर उभी राहिलेली एक बस म्हणजे पुढच्या रस्त्यावरून वेगाने गेलेल्या दोन हजार बस. खडीचा सांगाडा बराच भार पेलतो, म्हणून चाकोरी दोन हजार पट खोल होत नाही. पण २६ आणि ५ कुठून आले हे मला त्या पानावर दिसलं.

मी बंधकाची परीक्षा घेत होते महामार्गावरची, आणि तो राहत होता बसथांब्यावर.

दुसऱ्या प्रश्नाने मला आणखी हलवलं. ६४ अंशांना साध्या बिटुमेनचा डेल्टा ८६–८७ येत होता, पीएमबीचा ६५ च्या आसपास. फरक मोठा आहे: एक जवळजवळ काकवी, दुसऱ्यात रबराचा अंश भरपूर. पण साइन ८७ म्हणजे ०.९९९ आणि साइन ६५ म्हणजे ०.९०६. भागाकारात या सगळ्या लवचिकतेचा फायदा पडतो जेमतेम दहा टक्के. भार निघून गेल्यावर बिटुमेन मूळ जागी परत येतं की नाही हा चाकोरीचा मूळ प्रश्न, आणि ज्या संख्येवर आपण विसंबतो तिला तो जवळपास दिसतच नाही. साध्या बिटुमेनला ती संख्या चालते, कारण तिथे परत येण्यासारखं काही नसतंच. ६० अंशांची विष्यंदिता आणि ही संख्या तिथे एकच गोष्ट सांगतात. पॉलिमर आलं की ती अपुरी पडते.

म्हणून एमएससीआर ही दुसरी चाचणी. यंत्र तेच, डीएसआर, चकत्या त्याच, नमुना आरटीएफओतून काढलेला. पण इथे डोलणं नाही. एक सेकंद भार द्यायचा, नऊ सेकंद सोडून द्यायचं. पुन्हा एक सेकंद भार, पुन्हा नऊ सेकंद. आधी ०.१ किलोपास्कलला वीस वेळा, मग एकदम ३.२ किलोपास्कलला दहा वेळा. एक सेकंदात बिटुमेन किती सरकलं, नऊ सेकंदांत किती परत आलं, आणि किती तिथेच राहिलं. जे राहिलं त्याला ताणाने भागलं की मिळतो जे-एन-आर. परत न येणारा वाटा. मराठीत यासाठी रूढ शब्द नाही. मी माझ्या वहीत ‘उरलेली चाल’ असं लिहायचे.

पहिल्यांदा पडद्यावर व्हीजी-३० चा आलेख उमटला तेव्हा तो जिन्यासारखा होता. पायरी वर, मग सपाट. पायरी वर, मग सपाट. नऊ सेकंद सोडून दिलं तरी रेघ खाली यायचं नाव घेत नव्हती. परत आलेला भाग ३ टक्के. दर दहा सेकंदांना एक पायरी. थांब्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत येणाऱ्या बस मला त्या जिन्यावर चढताना दिसत होत्या.

मग पीएमबी. रेघ वर गेली आणि भार सुटताच झुकली, आधी झपकन, मग संथपणे, नवव्या सेकंदापर्यंत खाली येत राहिली. ६० टक्के परत. मी मामांना हाक मारली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, “हे उठून बसतंय की.”

माझ्या नमुन्यांचे आकडे ६४ अंशांना, ३.२ किलोपास्कलला असे आले: व्हीजी-३० चा जे-एन-आर २.६, व्हीजी-४० चा १.६, पीएमबीचा ०.४. जुन्या संख्येप्रमाणे आरटीएफओनंतर पीएमबी व्हीजी-४० पेक्षा साधारण एक तृतीयांशाने सरस होतं. उरलेल्या चालीत चौपट सरस. अमेरिकेतल्या आश्टो या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या एम ३३२ मानकात याच आकड्यावरून रहदारी वाटून दिली आहे. नेहमीच्या वेगाच्या रस्त्याला जे-एन-आर ४.५ पर्यंत चालतो. ताशी ७० पेक्षा संथ असेल तर २.० पर्यंत. ताशी २० च्या खाली, म्हणजे जिथे गाड्या उभ्याच असतात, तिथे १.० पर्यंत, आणि उभी रहदारी शिवाय फार अवजडही असेल तर ०.५. तापमान तेच ठेवायचं, वेगाप्रमाणे अट कडक करायची. माझा व्हीजी-३० वेगाच्या रस्त्यावर निवांत पास होता. थांब्यावर तो अडीच पटीने नापास होता. शंभर पावलांच्या अंतरावर, एकाच दिवशी टाकलेला, एकच बंधक.

इथे प्रबंध संपला असता तरी चाललं असतं. पण मला भीती होती ती वेगळीच. बंधक म्हणजे रस्ता नव्हे. वजनाने मिश्रणात तो पाच-सहा टक्के असतो, बाकी खडी आणि कच. पुण्यात डांबराची चाचणी करते असं म्हटलं की कुणीतरी विचारतंच, “मग जंगली महाराज रस्ता कसा टिकला?” सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केलेला तो रस्ता पुढे कितीतरी पावसाळे तसाच राहिला, आणि तेव्हा ना डीएसआर होता ना पीएमबी. प्रश्न रास्त आहे. खालचे थर, पाण्याचा निचरा, खडीची प्रतवारी, दबाई, हे सगळं नीट असेल तर बंधकावर येणारा भारच कमी होतो.

म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत चाकाचं यंत्र. वाघोलीच्या खाणींतली बेसाल्टची खडी आणून ३०० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या, ५० मिलिमीटर जाडीच्या लाद्या दाबून घेतल्या. ६० अंशांच्या पेटीत लादीवर ७०० न्यूटनचं रबरी चाक पुढे-मागे फिरतं, मिनिटाला ५३ वेळा. वीस हजार फेऱ्यांना सव्वासहा तास. तीन बंधक, तोच क्रम आला: व्हीजी-३० सर्वांत खोल, पीएमबी सर्वांत उथळ. मला समाधान वाटलं. मग सरांच्या सांगण्यावरून मी चौथी लादी केली: बंधक तोच उत्तम पीएमबी, पण दगडी कचीचा काही भाग काढून त्याजागी नदीची गोल वाळू.

ती लादी साध्या व्हीजी-३० च्या लादीपेक्षाही खोल गेली.

आम्ही ती मधोमध कापली, पाण्याची धार सोडत, हिऱ्याच्या पात्याने. काप पाहून मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. चाकाखालची खडी बाजूला कलली होती, काळा मसाला दोन्ही कडांना सरकून वर आला होता, बोटभर उंचीचे दोन फुगवटे. आमच्या थांब्यासमोरचा रस्ता कुणी उभा कापला असता तर आत हेच दिसलं असतं. गोल कण एकमेकांवरून घसरतात. मोडलेल्या दगडाच्या टोकदार कचीसारखे एकमेकांत अडकत नाहीत. ६० टक्के परत येणारा बंधकही त्या घसरणाऱ्या गर्दीला बांधून ठेवू शकला नाही. ही लादी मी केली नसती तर मी ‘पीएमबी वापरा’ एवढंच लिहून मोकळी झाले असते, आणि ते अर्धं उत्तर होतं.

प्रबंध जमा केल्यावर एप्रिलमध्ये त्याची एक प्रत घेऊन मी रस्त्यांचं काम पाहणाऱ्या एका कनिष्ठ अभियंत्यांना भेटले. मला वाटलं होतं ते प्रत ठेवून घेतील आणि चहा विचारतील. त्यांनी आधी आलेख उघडले. बराच वेळ जिन्याचा आलेख पाहत राहिले.

“व्हीजी-४० नाही चालणार?” त्यांनी विचारलं. “केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या नियमपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत चौक, टोलनाके, ट्रकतळ अशा जागांना तेच सांगितलंय. आणि ते स्वस्त पडतं.”

“व्हीजी-३० पेक्षा नक्कीच बरं. ताशी तीस-चाळीसची संथ रहदारी ते पेलेल. पण माझ्या नमुन्याचा आकडा १.६ आहे. बस उभी राहते तिथे १.० च्या वर चालणार नाही, आणि बस अवजड, म्हणून मी ०.५ धरेन.”

“अख्ख्या रस्त्याला पीएमबी परवडणार नाही हो, ताई.”

“अख्ख्या रस्त्याला नकोच आहे. थांब्याची लांबी आणि सिग्नलच्या आधीचे पन्नास-साठ मीटर. बाकी रस्ता आहे तसाच राहू दे. आणि नदीची वाळू नको, कुठेच.”

त्यांनी टेबलावरची डायरी माझ्याकडे सरकवली. “निविदेत घालता येईल असं लिहून द्या. एका ओळीत.”

मी लिहिलं: बसथांबा व सिग्नलपूर्व पट्टी: पीएमबी ७६-१०, आरटीएफओनंतर ६४ अंश सेल्सिअसला जे-एन-आर (३.२ किलोपास्कल) ०.५ पेक्षा जास्त नसावा. बारीक खडी पूर्णपणे दगड फोडून केलेली, नैसर्गिक वाळू वर्ज्य. हवेच्या पोकळ्या दबाईनंतर तपासून घ्याव्यात.

त्यांनी दोनदा वाचलं. “साइटवरून डबा पाठवला तर अहवालाला किती दिवस?”

“दोन दिवस. पण डबा सीलबंद हवा, आणि टँकरमधून काढल्यावर पुन्हा एकदाही तापवलेला नको.”

तेही त्यांनी खाली लिहून घेतलं.